तंजावूरला येणारं विमान पुढे कुठे जातं?

मराठी वाचकाला तंजावूर म्हटलं की व्यंकोजीराजांची गादी आठवते, सरफोजीराजांनी वाढवलेलं सरस्वती महाल ग्रंथालय आठवतं, बृहदीश्वराचं शिखर आठवतं. या शहराला लागून दुसऱ्या महायुद्धात तयार झालेली एक धावपट्टी आहे, हे मात्र फारसं कुणाच्या कानावर आलेलं नसतं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, चेन्नईला अजून मद्रास म्हणत तेव्हा, वायुदूत या सरकारी कंपनीची प्रवासी विमानं तिथून तंजावूरला येत. प्रवासी पुरेसे मिळेनात आणि सेवा बंद पडली. पुढे २७ मे २०१३ रोजी या धावपट्टीवर हवाई दलाचं केंद्र रीतसर सुरू झालं आणि २० जानेवारी २०२० रोजी सुखोई-३० लढाऊ विमानांची २२२ क्रमांकाची तुकडी तिथे दाखल झाली. तिरुवैयारू, पापनाशम, कुंभकोणम या पट्ट्यातल्या माणसाला मात्र विमान पकडायचं तर तिरुचिरापल्लीची वाट धरावी लागते. सेवा बंद पडली की प्रवाशांच्या गैरसोयीची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. त्या मार्गावरच्या विमानाचं पुढे काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही. माझं म्हणणं असं आहे की लहान गावाची विमानसेवा आणि त्या सेवेसाठी वापरलेल्या विमानाचा शेवट या एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत. मार्ग सुरू होतानाच विमान मोडीत काढण्याची तजवीज केली नाही, तर गावाच्या हातून सेवा जाते आणि देशाच्या हातून विमानही फुकट जातं.

लहान गावांकडे येणारं विमान बहुतेक वेळा टर्बोप्रॉप असतं. त्याच्या इंजिनाचं पोट जेटसारखंच असतं. पण तिथे तयार झालेली ताकद गरम वायूच्या झोतातून मागे फेकण्याऐवजी दातेरी चक्रांमार्फत पंख्याला दिली जाते. ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगाला आणि तासाभराच्या आतल्या प्रवासाला ही रचना जेटपेक्षा पुष्कळ कमी इंधन खाते. आखूड धावपट्टीही तिला चालते. अशा विमानाने तिकीट काढलेले प्रवासी प्रथम नेले ते २९ जुलै १९५० रोजी, लंडनहून पॅरिसला. ते विमान होतं व्हायकाउंट, आणि त्याला रोल्स-रॉइसची डार्ट इंजिनं होती. १९५७ साली इंडियन एअरलाइन्सने व्हायकाउंट घेतलं, नंतर फॉकर फ्रेंडशिप आलं. १ नोव्हेंबर १९६१ रोजी कानपूरला जुळवलेल्या पहिल्या ॲव्हरो-७४८ने उड्डाण केलं. अशी ८९ विमानं भारतात तयार झाली. त्यांतली बहुतेक हवाई दलाकडे गेली आणि काही इंडियन एअरलाइन्सकडे. १९८१ साली लहान शहरांसाठी वायुदूत निघाली. तिच्याकडे फॉकर आणि ॲव्हरो होतीच, शिवाय जर्मन डॉर्नियरचं १९ आसनी विमानही होतं, ज्याचं उत्पादन पुढे कानपूरलाच होऊ लागलं. तोटा वाढत गेला आणि १९९३ साली वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. तंजावूरची कहाणी या मोठ्या कहाणीतली एक ओळ आहे.

विमान म्हातारं कशाने होतं? वर्षांनी, हे आपलं सहज येणारं उत्तर, आणि ते अपुरं आहे. उंचावर विरळ हवेत प्रवाशांना श्वास घेता यावा म्हणून केबिनमध्ये हवेचा दाब वाढवतात. प्रत्येक उड्डाणात विमानाचं पोट थोडं फुगतं आणि उतरताना पूर्ववत होतं. हे फुगणं-आवळणं म्हणजे एक आवर्तन. रिव्हेटच्या भोकांपाशी केसाएवढ्या चिरा पडतात त्या मुख्यतः अशा आवर्तनांमुळे, उड्डाणाच्या तासांपेक्षाही जास्त. लांब पल्ल्याचं विमान दिवसाकाठी दोन आवर्तनं करतं. चाळीस मिनिटांच्या मार्गावरचं विमान आठ-दहा करू शकतं. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा कंपनीच्या बोइंग ७३७चं छप्पर हवेतच उडून गेलं. ते जेट होतं, पण बेटाबेटांमधल्या छोट्या फेऱ्या करणारं. त्याचे उड्डाणाचे तास ३५ हजारांच्या घरात होते आणि आवर्तनं ८९,६८० झाली होती. वर बेटांवरच्या खाऱ्या हवेने पत्र्यांच्या जोडांत गंज धरला होता. नागपट्टिनम, कारैकालच्या किनाऱ्यापासून आत येणारी हवा कावेरीच्या पट्ट्यातही दमट आणि खारीच असते, त्यामुळे तिथे काम करणाऱ्या विमानाच्या तपासणीत गंजाचा मुद्दा वरच्या क्रमांकावर यायला हवा. उलट डॉर्नियर २२८च्या केबिनमध्ये दाब भरतच नाहीत. ते कमी उंचीवरून उडतं आणि त्याचं म्हातारपण वेगळ्या मार्गाने येतं: चाकांच्या पायांवर बसणाऱ्या धक्क्यांतून, पंखांच्या जोडांतून.

म्हणूनच केवळ वय झालं एवढ्यावर कुठलंही टर्बोप्रॉप भंगारात जात नाही. हवाई दलाने ॲव्हरोंना साठ वर्षं सांभाळलं. त्यांच्या जागी ५६ सी-२९५ विमानं घेण्याचा करार सप्टेंबर २०२१मध्ये झाला आणि त्यांतलं पहिलं २०२३ साली वडोदऱ्याच्या ११ क्रमांकाच्या तुकडीसाठी आलं. तपासणी काटेकोर असेल, सुटे भाग मिळत असतील आणि खर्च सोसणारा कुणी पाठीशी असेल, तर विमान उडत राहतं. या तीन आधारांपैकी एक निखळला की निवृत्ती येते. फॉकर कंपनीचं १९९६ साली दिवाळं निघालं. डार्ट इंजिनाचं उत्पादन १९८०च्या दशकातच थांबलं होतं. नवी इंजिनं तेवढ्याच प्रवाशांना कितीतरी कमी इंधनात नेऊ लागल्यावर डार्टवाल्या विमानाला प्रवासी कंपनीत जागा उरली नाही. लहान गावांकडे जाणाऱ्या विमानाच्या बाबतीत चौथं एक कारण असतं, आणि बहुतेक वेळा तेच सगळ्यांत आधी येतं: मार्गच बंद पडतो.

याबद्दल आपल्याकडे आता नेमके आकडे आहेत. उडान योजनेखाली प्रादेशिक मार्गांना तीन वर्षं सरकारी अनुदान मिळतं. महालेखापरीक्षकांनी २०२३च्या अहवालात या योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांतले ७७४ मार्ग तपासले. त्यांतले ४०३ मार्ग सुरूच झाले नव्हते. सुरू झालेल्या ३७१ मार्गांपैकी ११२ मार्गांनी तीन वर्षं पुरी केली, आणि मार्च २०२३पर्यंत अनुदानानंतरही टिकून राहिले ते ५४. विमान तीस वर्षं चालेल अशा बेताने बांधलेलं असतं. बहुतेक मार्गांना मात्र तीन वर्षंही पुरी करता येत नाहीत. मोठ्या शहरांमधलं विमान एक मार्ग गेला तर दुसऱ्यावर लावता येतं. एकोणीस आसनांच्या विमानाला जायला दुसरी जागा फारशी नसते, कारण ते बांधलेलंच असतं तंजावूरसारख्या गावासाठी. चारदोन मार्ग एकदम बंद पडले, कंपनीची तब्येत ढासळली, की ते विमान कुठल्या तरी विमानतळाच्या कोपऱ्यात उभं राहतं. किंगफिशर ही विमान कंपनी ऑक्टोबर २०१२मध्ये थांबली तेव्हा तिची विमानं, त्यांत टर्बोप्रॉप एटीआरही होती, देशातल्या विमानतळांवर वर्षानुवर्षं उभी राहिली. मालक, बँका, विमानतळ आणि कर खातं यांच्या दाव्यांमध्ये विमान अडकलं की त्याला कुणी हात लावत नाही, आणि हात न लावणं हीच विमानाची सगळ्यांत मोठी हानी असते.

उभं राहिलेलं विमान जागच्या जागी झिजतं, हे समजून घेण्यासाठी मोडणीचं काम जवळून पाहायला हवं. मोडणीची सुरुवात रिकामं करण्यापासून होते. टाक्यांमधलं इंधन, इंजिनातलं तेल आणि ब्रेक व चाकांच्या यंत्रणेतलं हायड्रॉलिक तेल काढून वेगवेगळ्या पिंपांत भरतात. ऑक्सिजनच्या टाक्या, इंजिनाशेजारच्या आगविझवणीच्या बाटल्या आणि बॅटऱ्या सुट्या करतात, टायरमधला नायट्रोजन सोडतात. मग पंखे उतरतात, इंजिनं उतरतात, चाकांचे पाय निघतात. कॉकपिटमधली उपकरणं एकेक करून बाहेर येतात, आणि प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लागते. चिठ्ठीवर भागाचा क्रमांक, तो कोणत्या विमानातून निघाला, किती तास आणि किती आवर्तनं झाली आणि आता तो वापरण्याजोगा आहे की नाही, एवढं लिहिलेलं असतं. मोडलेल्या विमानाची किंमत प्रामुख्याने या भागांत असते आणि त्यांतही इंजिनांत. उरलेल्या सांगाड्याला यंत्राच्या कात्रीने कापतात, ते काम थोड्या दिवसांत आटपतं. पण दोन पावसाळे बाहेर उभ्या राहिलेल्या विमानात इंजिनाच्या आत गंज धरतो, रबरी सील वाळून चिरतात, नळ्यांच्या तोंडात पक्षी घरटी करतात आणि वायरींवर उंदरांचे दात उमटतात. ज्या इंजिनाला चांगला भाव मिळाला असता, ते किलोवर जातं.

धातूपेक्षाही लवकर नष्ट होतात ते कागद, आणि इथे हा विषय हिशेबाच्या वहीतून सुरक्षेच्या दाराशी येतो. इंजिनातल्या फिरत्या चकत्यांसारख्या भागांना ठरावीक आयुष्य असतं; कारखान्यातून निघाल्यापासून त्यांनी किती आवर्तनं केली याची अखंड नोंद हवी. मधली काही वर्षं गहाळ झाली की भाग दिसायला कितीही चांगला असो, तो विमानात बसवता येत नाही. असे बिनकागदाचे भाग गोदामात साठले की मोह होतो. ८ सप्टेंबर १९८९ रोजी पार्टनेर कंपनीचं कॉनव्हेअर-५८० हे टर्बोप्रॉप ओस्लोहून हॅम्बुर्गला जाताना डेन्मार्कच्या उत्तरेला समुद्रात कोसळलं आणि विमानातले सर्व ५५ जण मेले. विमान १९५३ साली साध्या पिस्टन इंजिनांवर जन्मलं होतं आणि नंतर त्याला टर्बोप्रॉप इंजिनं बसवली होती. तपासात दिसलं की शेपटीचा उभा पंख धरून ठेवणाऱ्या बोल्टमध्ये बनावट, कमी ताकदीचे बोल्ट होते. ते झिजले होते आणि शेपटीतल्या सहायक इंजिनाच्या कंपनांनी त्यात भर घातली. छत्तीस वर्षांचं ते धूड उडवणं आपोआप चूक ठरत नव्हतं. घात झाला तो त्यात खोटा सुटा भाग शिरला म्हणून. म्हणून जबाबदार मोडणीत आयुष्य संपलेले भाग मुद्दाम कापतात, त्यांना भोकं पाडतात, जेणेकरून ते पुन्हा बाजारात येऊच नयेत. भंगाराच्या लिलावात अख्खं विमान एकरकमी विकलं की हे कापणं कोण पाहणार? मोटारीचा जुना भाग चोरबाजारातून घेण्यात गाडी बंद पडण्याचा धोका असतो. विमानात तो धोका पंचावन्न माणसांचा होतो.

धातूचा प्रश्न कावेरीच्या गावांत उभं राहून विचारला तर आणखी स्पष्ट होतो, कारण धातू वितळवण्याची कला तिथे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. स्वामीमलैला पंचधातूच्या मूर्ती मेणाच्या साच्यातून ओततात. कुंभकोणमजवळच्या नाचियारकोविलला पितळेच्या उंच समया होतात, ज्यांच्या माथ्यावर हंस बसवलेला असतो. साच्यासाठी लागणारी बारीक माती नदीनेच आणून टाकलेली आहे. पितळेची जुनी भांडी, तुटकी समई, मोड म्हणून जे काही घरातून निघतं ते मुशीत जातं आणि नवी समई होऊन बाहेर येतं. तांबं थोडं जास्त झालं, जस्त थोडं कमी, तरी कसबी ओतारी सांभाळून घेतो, आणि समईवर भार असा फारसा नसतोच. मग अॅल्युमिनियमचं विमान असंच मुशीत टाकलं तर काय बिघडलं, हा प्रश्न इथल्या माणसाला पडणं रास्त आहे. बिघडतं ते मिश्रणामुळे. विमानाचा बाहेरचा पत्रा बहुतेक ठिकाणी २०२४ नावाच्या मिश्रधातूचा असतो, त्यात साडेचार टक्क्यांच्या आसपास तांबं असतं. जास्त भार सोसणारे भाग ७०७५ या मिश्रधातूचे असतात, त्यात साडेपाच टक्क्यांच्या आसपास जस्त असतं. दोन्ही एका भट्टीत वितळले की जो रस तयार होतो त्यातून पुन्हा विमानाचा पत्रा होत नाही. तो साध्या ओतकामाला जातो. वितळण्याआधी भाग वेगवेगळे ओळखून ठेवले तर किंमत टिकते. खनिजापासून नवं अॅल्युमिनियम करायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे पाच टक्क्यांतच जुन्यातून धातू परत मिळतो, त्यामुळे हे वेगळं काढण्याचे कष्ट वाया जात नाहीत. एअरबसने २००५ ते २००७ दरम्यान फ्रान्समधल्या तार्बला केलेल्या प्रयोगात विमानाच्या वजनापैकी ८५ टक्के भाग परत वापरात आणता येतो हे दाखवून दिलं. उरतो तो केबिनचं अस्तर, फोम आणि डिंकाने जोडलेल्या थरांचा माल, ज्याला अजून चांगली वाट नाही.

एवढ्या थोड्या विमानांसाठी वेगळी व्यवस्था कशाला, असा आक्षेप येईल. भारतात टर्बोप्रॉप प्रवासी विमानं खरोखरच फार नाहीत, आणि त्यांतली बरीच परदेशी मालकांकडून भाड्याने घेतलेली असतात; मुदत संपली की मालक परत नेतो. हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. मालक विमान परत नेतो ते उडण्याजोगं आणि कागद पूर्ण असलेलं. जे तसं नसतं ते इथेच राहतं, म्हणजे अडचणीचं तेवढं आपल्या वाट्याला येतं. शिवाय कानपूरला बनलेली डॉर्नियर २०२२पासून अलायन्स एअरच्या सेवेत आली आहेत. ती इथली आहेत आणि त्यांचा शेवटही इथेच होणार. जहाजांच्या तोडणीसाठी आपण २०१९ साली कायदा केला, मोटारींसाठी २०२१ साली नियम केले. विमान मोडीत काढण्यासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. संख्या कमी असणं ही तर सोय आहे: एक-दोन चांगल्या जागा पुरतात, अलंगच्या जहाजतोडणीसारखा पसारा मांडावा लागत नाही.

त्या जागा कावेरीच्या खोऱ्यात मात्र नकोत. तामिळनाडूने फेब्रुवारी २०२०मध्ये केलेल्या कायद्याने तंजावूर, तिरुवारूर, नागपट्टिनम आणि लगतच्या काही तालुक्यांना संरक्षित कृषी क्षेत्र ठरवलं. तिथे ज्या उद्योगांना बंदी आहे त्यांत अॅल्युमिनियम वितळवण्याचे मोठे कारखाने आहेत आणि जहाजतोडणीही आहे. विमानतोडणीचा उल्लेख यादीत नाही, कारण यादी करताना तो कुणाच्या मनात येण्याचं कारण नव्हतं. पण कायद्यामागचा विचार तिलाही लागू पडतो. जिथे शेतातून शेतात पाणी वाहतं, कालव्याला फाटे आणि फाट्यांना पाट आहेत, तिथे सांडलेलं हायड्रॉलिक तेल एका आवारात राहत नाही. भाताच्या खाचरांना लागून अशी कामं करू नयेत. काँक्रीटची फरसबंदी, सांडपाण्याचा बंदिस्त निचरा आणि दुरुस्तीचा अनुभव असलेले तंत्रज्ञ जिथे आधीच आहेत, तिथेच मोडणी व्हावी. नागपूरच्या मिहानमध्ये विमानदुरुस्तीचे कारखाने उभे आहेत, कानपूरला डॉर्नियरचं घर आहे. दोन्ही ठिकाणी समुद्राची खारी हवा नाही.

दुसरा आक्षेप जिव्हाळ्यातून येतो: मोडता कशाला, जतन करा. काही विमानं जतन केलीच पाहिजेत. कानपूरची ॲव्हरो हा भारतीय कारागिरीचा मोठा टप्पा आहे आणि छताखाली, कोरड्या जागेत, तिची नीट काळजी घेतली जाणार असेल तर मी त्याच्या बाजूने आहे. चौकात उघड्यावर चबुतऱ्यावर चढवलेल्या विमानाची गोष्ट वेगळी. त्याला ऊन-पाऊस खातो, रंगाच्या खाली पापुद्रे सुटतात आणि दहा-पंधरा वर्षांनी तेच विमान पुन्हा भंगाराच्या लिलावात येतं, तेव्हा त्यातला एकही भाग कामाचा उरलेला नसतो. जतन हा निर्णय एकेका विमानाबद्दल विचार करून घ्यायचा असतो. निर्णय टाळण्याची ती सबब होऊ नये.

राहिला खर्चाचा आक्षेप, आणि तो सगळ्यांत वजनदार आहे. लहान गावाचा मार्ग आधीच तोट्याच्या काठावर असतो. त्यावर मोडणीचाही भार टाकला तर तिकीट महागेल आणि तंजावूरला विमान येणारच नाही. पण हा भार आजही कुणीतरी उचलतोच. उडानचं अनुदान मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर बसवलेल्या आकारातून आणि सरकारी तिजोरीतून येतं, आणि कोपऱ्यात सडणाऱ्या विमानाने अडवलेली जागा, बुडालेलं भाडं, बँकेचं थकलेलं कर्ज हे शेवटी लोकांच्याच खात्यावर पडतं. विमान भाड्याने देणारे मालक इंजिन आणि चाकांच्या मोठ्या दुरुस्तीसाठी दर उड्डाणतासामागे ठरावीक रक्कम आधीच बाजूला काढून घेतात. ही जुनी, रुळलेली पद्धत आहे. त्याच रकमेत निवृत्तीसाठी थोडी भर घालायची, ती वेगळ्या खात्यात ठेवायची आणि अनुदानाच्या करारात विमानाची नोंदणी, त्याची आवर्तनं आणि मोडणीची ठरलेली जागा लिहून घ्यायची, एवढंच मी मागतो आहे. चांगल्या अवस्थेत मोडलेल्या विमानाची इंजिनं त्यातला बराच खर्च परत देतात. तंजावूरचं नाव उडानच्या चर्चेत आलेलं आहे; तिथे प्रवासी सेवा सुरू होईल तेव्हा करारात हे कलम असावं. मग तिसऱ्या वर्षी मार्ग बंद पडला, तरी पैसे खात्यात असतात, कागद पुरे असतात आणि विमान अजून उडण्याजोगं असतं. ते स्वतःच्या इंजिनांवर नागपूरला किंवा कानपूरला जाऊ शकतं. वर्ष-दोन वर्षं उभ्या राहिलेल्या विमानाला एका फेरीची परवानगी मिळवणंही मुश्कील होतं, आणि मग ते जिथे उभं आहे तिथेच, धावपट्टीच्या कडेला, त्याला कापायची वेळ येते.